नडगीतलं पाकट

ठाकुर्लीहून कुसुमचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या गेटवर वॉचमनला एक गोष्ट सांगत होतो. आमच्या लहानपणी कळव्याच्या खाडीत निवट्या, म्हणजे चिखलात टणाटण उड्या मारणारे ते बोटाएवढे मासे, एकदा इतक्या आल्या होत्या की आम्ही त्यांच्या पाठीवरून चालत पलीकडे ठाण्याला सिनेमा बघायला गेलो आणि चपला ओल्या झाल्या नाहीत, अशी ती गोष्ट. वॉचमन नवा होता, म्हणून ऐकत होता. फोनवर कुसुम म्हणाली, "दामूदादा गेला, सुरेशदादा." आणि मी, तोंडात गोष्टीची चव तशीच असताना, विचारलं, "कितव्यांदा?"

ह्यात माझी चूक नाही. दामू ह्याआधी बरेचदा मेला होता. एकदा भरतीत बुडून, एकदा वीज पडून, एकदा खारफुटीत साप चावून. प्रत्येक वेळी संध्याकाळी ओट्यावर बसून त्यानेच आम्हाला ते सविस्तर सांगितलं होतं, स्वतःच्या अंत्ययात्रेला कोण आलं आणि कोण आलं नाही त्याच्यासकट. कुसुम त्याची धाकटी बहीण. एरवी ती हसली असती. त्या दिवशी ती म्हणाली, "ह्या वेळी सांगायला येणार नाही तो."

त्याला आता काही आठवडे झाले. दामू कोणी मोठा माणूस नव्हता. खाडीत पागाचं जाळं टाकून कोळंबी, बोय, नशीब असेल तर जिताडा काढायचा आणि कोळीवाड्याच्या तोंडाशी बायको ती मासळी विकायची. पुढे खाडीचं पाणी काळं झालं, मासे रुसले, मग तो एका कारखान्यात राखणदार झाला. त्याच्यावर पेपरच्या पुरवणीत लिहावं असं त्यात काही नाही. पण मी लिहितोय ते दामूइतकंच एका पाकटाबद्दल. ते पाकट कधी नव्हतंच, आणि तरी त्यानेच दामूला मारलं. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. ही थाप नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या ओळखीचे लोक माझा लेख वाचायला लागले की चष्मा काढून ठेवतात.

पाकट म्हणजे पंख्यासारखा पसरट मासा, चाबकासारखी शेपटी आणि त्या शेपटीला विषारी काटा. खाडीत उथळ पाण्यात चालताना त्याच्यावर पाय पडला तर तो काटा हाणतो आणि मोठा गडीसुद्धा लहान पोरासारखा रडतो. दामूच्या उजव्या नडगीवर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, एक चट्टा होता. तांबूस, खवल्याखवल्यांचा, कडेला उंच. आम्ही विशी ओलांडली तेव्हा तो हरभऱ्याच्या डाळीएवढा होता. मी रुळांपलीकडच्या चाळीतल्या कारकुनाचा मुलगा, दामू कोळीवाड्यातला, पण शाळेत एका बाकावर बसलेलो असल्याने त्याच्या पायाची बातमी मला सगळ्यांच्या आधी कळली. "पाकट लागला मना," तो म्हणाला. "यवरा." आणि त्याने दोन तळहात समोरासमोर फाकवून जेवणाच्या ताटाएवढा आकार दाखवला.

पुढच्या नारळी पौर्णिमेला ते ताट पाटाएवढं झालं. माझ्या लग्नात पाटाचा दरवाजा झाला. दामूला मुलगा झाला तेव्हा पाकट होडीपेक्षा मोठं होतं आणि त्याने दामूला ओढत ओढत मुंब्र्याच्या डोंगराखालून थेट खाडीच्या मुखाशी नेलं होतं. वाटेत दामूने त्याच्याशी वाटाघाटी केल्या. "मी त्याला बोललो, भावा, तुला बी पोरंबालं आसतील." ते ऐकून पाकट रडलं आणि त्याने दामूला परत आणून सोडलं, फक्त आठवण म्हणून काटा ठेवून गेलं. मी स्वतः थापाड्या माणूस, पण ह्या गोष्टीपुढे मी नेहमी हात टेकले. आम्ही दोघं एका ओट्यावर बसलो की वाड्यातली माणसं घरून चहा घेऊन ऐकायला यायची. दामू गोष्ट सांगताना लेंगा गुडघ्यापर्यंत वर करायचा, पाय पुढे पसरायचा आणि चट्ट्यावर बोट ठेवायचा. देवळात पुजारी मूर्तीकडे बोट दाखवतो तसं. पुरावा समोर होता, मग गोष्टीवर शंका कोण घेणार?

पण पाकट वाढत होतं तसा चट्टाही वाढत होता, हे आमच्या कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. डाळीचा रुपया झाला, रुपयाची बशी झाली. तो फार विचित्र वाढायचा. एका बाजूने पुढे सरकायचा आणि मागची बाजू आपली आपण सुकून पातळ, पांढुरकी, कागदासारखी व्हायची. दुखायचा नाही. खाज नाही. त्यामुळे कोणाला घाई नव्हती. खाडीकाठच्या माणसाच्या पायावर काहीतरी असतंच: काट्याचं, शिंपल्याचं, चिखलाचं. आमच्याकडे जखमेचं कारण विचारायची पद्धत नाही, मासा कोणता एवढंच विचारतात. वहिनी, म्हणजे दामूची बायको, त्यावर हळद लावायची. मग मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली. तिने चट्टा थोडा फिका पडायचा, ट्यूब संपली की दुप्पट जोमाने उठायचा. दामू त्यालाही गोष्टीत बसवायचा: "पाकटाला मलम आवडत नाय."

मुलगा नितीन नोकरीला लागून, लग्न होऊन बरीच वर्षं झाली तेव्हा त्याने बापाला घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या इमारतीतल्या स्किनच्या डॉक्टरकडे नेलं. मीही बरोबर होतो. त्या रस्त्यावर इतका ट्रॅफिक होता की कापूरबावडीला रिक्षात बसताना माझी दाढी गुळगुळीत होती आणि उतरलो तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने मला बाबाजी म्हणून नमस्कार केला. डॉक्टर तरुण होता, मन लावून ऐकणारा. इथेच घात झाला. त्याने विचारलं, "हे कशाने झालं?" आणि दामूने पाकट बाहेर काढलं. ह्या वेळी मध्यम आकाराचं, कारण डॉक्टर शिकलेला होता. डॉक्टरने कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तुकड्यात गाठी दिसल्या, जंतू सापडला नाही. माशांच्या पाण्यात राहणारा एक जंतू असतो, कोळ्यांच्या आणि मासे पाळणाऱ्यांच्या हातापायाला तो अशाच गाठी करतो, असं त्याने आम्हाला समजावून सांगितलं. माशाचा काटा, खाडीचं पाणी, कोळ्याचा पाय... सगळं चपखल बसत होतं. त्याने त्या जंतूची औषधं दिली. दामूने ती महिनोन्‌महिने घेतली. चट्टा ढिम्म. डॉक्टरने परत बोलावलं, पुन्हा तुकडा काढू म्हणाला, पण दामू काही गेला नाही. "त्याला पाकटाचं कलत नाय," म्हणाला. मला त्या डॉक्टरला दोष देववत नाही. त्याचं गणित बरोबर होतं. त्याला दिलेला पहिला आकडाच खोटा होता.

डोंबिवलीचा रस्ता दाखवला कुसुमने. तिचं सासर ठाकुर्लीचं. तिच्या शेजारणीच्या गालावरचा डाग एका डॉक्टरबाईंनी बरा केला होता, म्हणून तिने भावाला अक्षरशः दंडाला धरून नेलं, आणि दामू एकटा ऐकणार नाही म्हणून मला. पूर्वेला जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दवाखाना, खाली पोळीभाजी केंद्र. जिन्यात फोडणीचा वास. मॅडम चाळिशीच्या, आवाज शाळेतल्या बाईंचा. त्यांनी आधी काही विचारलंच नाही. दामूचा पाय समोरच्या स्टुलावर ठेवायला सांगितला, दिवा ओढला, आणि चट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. आंधळा माणूस ओळखीच्या चेहऱ्यावरून हात फिरवतो तसं. मग खणातून काचेची एक छोटी पट्टी काढली आणि चट्ट्यावर दाबून धरली.

"काका, तुम्हीपण बघा," त्या मला म्हणाल्या. मी वाकलो. काचेखालची लाली पार निघून गेली होती आणि उरले होते ते काकवीच्या थेंबांसारखे पिवळट तपकिरी ठिपके, कातडीत रुतलेले.

"दाबलं की रक्त बाजूला होतं," मॅडम म्हणाल्या. "साधी सूज असेल तर खाली काही उरत नाही. इथे उरतंय. पुस्तकात ह्याला सफरचंदाच्या जेलीसारखा रंग म्हणतात. पुस्तकं गोऱ्या कातडीची. आपल्या कातडीवर असं डोळे फोडून शोधावं लागतं." मग काच बाजूला ठेवून त्यांनी तो प्रश्न विचारला. "कशाने झालं हे?"

दामू ताठ झाला. मला माहीत होतं आता काय होणार. त्याने पाकट काढलं, आणि का कोण जाणे, त्या दिवशी होडीपेक्षा मोठं काढलं. बहुतेक मॅडमच्या गप्प बसण्याने त्याला चेव आला असावा. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. पाकट रडलं त्या ठिकाणी एका बाईने पदराने डोळे पुसले. गोष्ट संपली. मॅडम म्हणाल्या, "छान. आता खरं सांगा."

"खरंच हाय मॅडम."

"काका, माशाचा काटा एकदा लागतो. लागतो तिथेच राहतो. हा डाग इतकी वर्षं चालतोय. मागे भरतोय, पुढे खातोय. तुमचा मासा मेला तरी अजून पायात पोहतोय होय?" त्यांनी दार लोटलं. "घरात कधी कोणाला टीबी होता?"

"नाय."

"फार लवकर उत्तर दिलंत."

दामूने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. टीबी फक्त छातीचा असतो असं लोक समजतात. तो कातडीतही बसतो, वर्षानुवर्षं बसतो, आणि कातडीत जंतू इतके थोडे असतात की तपासणीत सापडत नाहीत. माशाच्या पाण्याचा आजार आणि हा, दोन्हींचा तुकडा दुर्बिणीखाली एकसारखा दिसू शकतो. "मी पुन्हा तुकडा काढीन, हातावर इंजेक्शन देऊन बघीन, छातीचा फोटो काढीन. पण एवढं करूनही कदाचित शंभर टक्के कळणार नाही. मग मला पेशंटची गोष्ट लागते. तिच्यावर औषध ठरतं. म्हणून ती खरी लागते."

 खाली पोळीभाजी केंद्रात कोणीतरी "दोन कोशिंबीर जास्त" असं ओरडत होतं. आणि कुसुम, जी आतापर्यंत भिंतीशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ती म्हणाली, "दादा, पाकट नव्हतं."

"तू गप बस."

"आयुष्यभर गप्पच बसले. तुझ्या लग्नात गप्प, माझ्या पोरींच्या लग्नात गप्प." मग ती मॅडमकडे वळली. "आमचे बाबा खोकून गेले. रक्त पडायचं. गावात सांगितलं कावीळ झाली. दादा त्यांच्या उशाशी झोपायचा, वाटी धरायचा, पुसायचा. बाबा गेले आणि वर्षाच्या आत ह्याच्या पायाला तो दाणा आला. माझं लग्न ठरत होतं हो. क्षयाच्या घरातली पोर कोण करणार? आई म्हणाली, दामू, कोणी विचारलं तर पाकट लागलं म्हण. तो म्हणाला. मग म्हणतच राहिला."

दामूने लेंगा खाली ओढला. इतक्या वर्षांत मी त्याला पाय झाकताना पहिल्यांदा बघितलं.

मी त्या दिवसानंतर पुष्कळ विचार केला. आम्ही ओट्यावरची माणसं त्या गोष्टीला हसत होतो, टाळ्या देत होतो, आणि ती मुळात विनोद म्हणून जन्मलीच नव्हती. एका आईने मुलीच्या लग्नासाठी मुलाच्या पायावर घातलेलं ते पांघरूण होतं. दामूने त्याला जरी लावली, काठ लावले, झालर लावली, म्हणजे खालचं कोणाला दिसू नये. ओट्यावर सगळ्यांसमोर पाय उघडा टाकून बसणं हीच त्याची लपायची जागा. कुसुमचं लग्न झालं तेव्हा पाकट सोडून द्यायला हवं होतं. पण मग दामूचं स्वतःचं ठरत होतं. मग कुसुमच्या मुलींची. मग नितीनचं. कोळीवाड्यात दर पिढीला एखादं लग्न उंबऱ्यावर उभं असतंच, त्यामुळे खरं बोलायला मुहूर्त म्हणून मिळत नाही.

आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर दामू म्हणाला, "माजा पाकट मारला आज तुमी." आणि पोळीभाजी केंद्रासमोरच्या पायरीवर बसला. मला वाटलं चिडलाय. मग बघितलं, तर त्याचे खांदे सैल झाले होते. फार वेळ डोक्यावर टोपली वाहून आणलेल्या माणसाने ती खाली ठेवावी तसे.

हातावरच्या इंजेक्शनची जागा दोन दिवसांत मेदूवड्याएवढी सुजली. छातीच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात जुनी खूण निघाली. तुकड्यात गाठी होत्याच. मॅडमनी टीबीची औषधं सुरू केली, गोळ्या सरकारी केंद्रातून मिळायला लागल्या, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. नितीन, त्याची बायको, नात मयूरी, सगळी स्वच्छ निघाली. महिना-दीड महिन्यात चट्ट्याची कड बसायला लागली. आमचा दामू पुन्हा फुलला. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. तर त्याने वाड्यात जाहीर केलं की तो आता देवमाणूस झालाय आणि कारखान्याच्या भिंतीवर त्याने नुसतं उभं राहून झेंड्याची वरची पट्टी रंगवली. "बाकीचे दोन रंग कधी?" कोणीतरी विचारलं. "त्याच्या गोल्या अजून आल्या नाय," दामू म्हणाला.

आणि त्याने काचेचा नाद धरला. मॅडमची पट्टी मागून बघितली होती, त्यांनी दिली नाही. मग त्याने घरातला एक छोटा काचेचा ग्लास घेतला, जाड, सपाट बुडाचा, ज्यात तो पूर्वी संध्याकाळची घ्यायचा. गोळ्या सुरू झाल्यावर मॅडमनी ती बंद केली होती, म्हणून ग्लास रिकामाच होता. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो ग्लासाचं बूड नडगीवर दाबायचा आणि वरून आत डोकवायचा. "सुऱ्या, बग, काकवी आटली." मग वाड्यातला जो येईल त्याच्या अंगावर तोच ग्लास. कोणाचं गजकर्ण, कोणाचा डास, कोणाची घामोळी. कोणाच्या पाठीवर चट्टा दिसला की हा ग्लास घेऊन मागे. त्याने इतक्या लोकांना डोंबिवलीला पाठवलं की मॅडमनी एकदा फोन करून सांगितलं, "काका, गजकर्णवाले पुरे. ठाण्यातच दाखवा त्यांना." पण गोष्ट आता तो खरी सांगायचा. निदान ओट्यावर, आमच्यासमोर. "माज्या बापाला क्षय व्हता," असं मोठ्याने म्हणायचा आणि म्हटल्यावर आजूबाजूला बघायचा, आभाळ पडलं का ते. पडायचं नाही. फक्त चहा घेऊन येणारी एक-दोन माणसं येईनाशी झाली.

चट्टा सगळा उतरला, वरचा एक कोपरा सोडून. मॅडमनी पहिल्या दिवशीच तिथे बोट ठेवून सांगितलं होतं, की सगळं बसलं आणि हा बसला नाही तर थांबू नका. तो बसला नाही. उलट टणक झाला, फुलकोबीसारखा वर आला आणि त्यातून रक्तमिश्रित पाणी यायला लागलं. दामू थांबला नाही हो, ह्या वेळी तो लगेच गेला. मॅडमनी ह्या खेपेला काच काढलीच नाही. कोपरा चिमटीत धरून बघितला, मग जांघेत हात घालून गाठ चाचपली, आणि हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

जखम फार जुनी झाली, वर्षानुवर्षं जळत-भरत राहिली, की क्वचित तिच्यातच कॅन्सर उगवतो. दामूच्या नडगीत तो उगवला होता आणि जांघेपर्यंत पोचला होता. टीबीचं औषध लागू पडलं होतं. टीबी बरा होत होता. पाय बरा होत असतानाच माणूस चालला होता, हे मी माझ्या कुठल्याही गोष्टीत घातलं असतं तर लोकांनी मला ओट्यावरून उठवलं असतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आधी पाय काढायचं ठरलं. दामू म्हणाला, "काढा, पाकटाला दिला म्हनून समजू." मग फोटोंमध्ये कळलं की आता पाय काढूनही उपयोग नाही.  मॅडमला मी एकदाच विचारलं, की अगदी सुरुवातीला, डाळीएवढा असताना कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सहा महिने गोळ्या." एवढंच म्हणाल्या. त्यांनी आणखी काही बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. 

शेवटची भेट त्याच्या घरी. पाय पांढऱ्या पट्ट्यांत, खोलीत जखमेचा वास. वहिनीने तीन-तीन उदबत्त्या लावल्या होत्या. तो म्हणाला, "सुकट वालत घातलीय, तिचा वास हाय." मी म्हटलं, "हो, चांगली दिसतेय सुकट." मग तो म्हणाला, एखादी सांग. मी निवट्यांची सांगायला घेतली, पाठीवरून चालत ठाण्याला, आणि अर्ध्यात माझा आवाज गेला. कळव्यात बोललो तर मुंब्र्यात ऐकू जातो असा हा आवाज. त्याने माझ्या हातावर थाप मारली आणि गोष्ट स्वतःच पुरी केली. परत येताना निवट्यांनी आमच्याकडे तिकीट मागितलं, असा शेवट केला. माझ्या शेवटापेक्षा चांगला.

निघताना म्हणाला, "माज्यावर लिव्हशील कुटं तरी?"

"लिहीन की."

"मयूरीचं जमतंय. मी गेलो का आता परत पाकट काडतील बग बाहेर." श्वास गोळा करून म्हणाला, "तू काडू नको."

दहाव्याला नितीन मला बाजूला घेऊन गेला. चांगला मुलगा आहे, बापाचं सगळं त्याने केलं. म्हणाला, "काका, तुम्ही पेपरात लिहिताय असं आत्या म्हणाली. पाकटाचं लिहा ना. मस्त गोष्ट आहे ती. बाकीचं कशाला... पोरीचं ठरतंय." त्याचे डोळे सुजलेले होते.  पाकट मला दामूपेक्षाही मोठं लिहिता आलं असतं. कळव्यापासून कल्याणपर्यंत पसरलेलं, ज्याच्या पंखावर अख्खी डोंबिवली वसली आहे असं. तेवढ्यात मयूरी मागून आली. तिने ऐकलं असावं.

"पप्पा, मी त्याला सांगितलंय."

"कोणाला?"

"अजून कोणाला? त्यालाच. आजोबांना टीबी होता, पणजोबांना होता, आमची सगळ्यांची टेस्ट झालीय, कोणाला काही नाही. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो."

"मग?" नितीनने विचारलं.

"विचारतोय अजून," मयूरी म्हणाली आणि पत्रावळी उचलायला गेली.

अजून निरोप आलेला नाही. हे लिहीपर्यंत आलेला नाही. येईल असं म्हणून मी तुम्हाला दिलासा देऊ शकतो, पण दामूने मना केलंय.

परवा संध्याकाळी मी वाड्यात गेलो. ओट्यावर कोणी नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर तो ग्लास पालथा ठेवलेला, घासून लख्ख. त्यातून घरात कोणी पाणी पीत नाही आणि तो कोणी आतही नेत नाही. माझ्या हातावर डास चावला होता. मी ग्लास उचलला, बूड दाबलं, आत डोकावलं. लाली गेली, खाली माझी म्हातारी कातडी. उचलला, लाली परत आली.

मी तो ठेवणार एवढ्यात नितीन बाहेर आला. माझ्या शेजारी बसला, जिथे त्याचा बाप बसायचा तिथेच. मग पँट वर केली. नडगीवर, गुडघ्याच्या खाली, एक लाल पुटकुळी होती, खाजवून रक्ताळलेली. त्याने माझ्या हातातून ग्लास घेतला आणि तिच्यावर दाबला.

"बघा ना काका."

मी वाकून बघितलं. लाली विरली होती. काकवी नव्हती, काही नव्हतं.

"डास आहे," मी म्हटलं. "तरी उद्या मॅडमना दाखवून येऊ."

"हो," तो म्हणाला. पण त्याने ग्लास उचलला नाही. दोन्ही हातांनी दाबून धरून तो आत बघत राहिला, बोटं पांढरी पडेपर्यंत.